तारखेचे काम आणि यादीचे काम

(ग्रामपंचायतींचे सचिव, पंच, शिक्षक व ग्रामस्थ यांच्यासाठी तालुका पातळीवर भरविण्यात आलेल्या मेळाव्यात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



रोजच्या कामकाजासाठी मोबाईलवरील दिनदर्शिका वापरावी, की करावयाच्या कामांची यादी ठेवणारे ॲप वापरावे, हा विषय आजच्या भाषणासाठी ठरविण्यात आला आहे. वरवर पाहता हा प्रश्न मोबाईलच्या दुकानात विचारण्यासारखा वाटेल. परंतु त्याचा संबंध आपल्या भाषेतील एका जुन्या म्हणीशी आहे. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ असे लोक म्हणतात. सरकारी नोकराला ही म्हण ऐकून वाईट वाटते. पण ती लोकांच्या अनुभवातून आलेली आहे हे नाकारण्यात अर्थ नाही.

काम लांबते त्यामागे दर वेळी कोणाची अनिच्छाच असते असे मात्र नाही. अर्ज येतो, आवक नोंदवहीत चढतो, त्याला क्रमांक पडतो आणि तो फाईलीत जातो. त्याची मुदत केव्हा संपते आणि त्यासाठी आज कोणते काम करावयाचे, या दोन गोष्टी मात्र पुष्कळदा कोठेच लिहिलेल्या नसतात. त्या कोणाच्या तरी स्मरणात असतात. तो गृहस्थ रजेवर गेला किंवा निवडणुकीच्या कामात अडकला, की स्मरणाबरोबर मुदतही निसटते. ही निसटणारी मुदत पकडून ठेवण्यासाठी आज जी दोन साधने आपल्या खिशात आहेत, त्यांचा स्वभाव कसा आहे आणि कोणते काम कोणाकडे सोपवावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

दोन साधनांचे दोन स्वभाव

दिनदर्शिका आपल्याला नवी नाही. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण या पाच अंगांचे पंचांग आपल्या समाजाने शतकानुशतके वापरले. १९७३ साली जयंतराव साळगावकर यांनी ‘कालनिर्णय’ सुरू केले आणि ते मराठी घराच्या भिंतीवर कायमचे स्थिरावले. त्याच्या चौकटींत दुधाचा हिशेब, गॅस सिलिंडर आल्याची तारीख आणि मुलांच्या परीक्षा लिहिण्याची सवय आपल्या गृहिणींना आहे. २००६ साली लोकांसाठी खुले झालेले गूगल कॅलेंडर, मायक्रोसॉफ्ट कंपनीचे आउटलुक किंवा ॲपलच्या फोनमधील कॅलेंडर ही त्या भिंतीवरच्या चौकटीचीच पुढची रूपे होत. फरक एवढाच, की ही चौकट वेळेवर घंटा वाजविते आणि एकच नोंद अनेकांच्या फोनवर एकाच वेळी दाखविते.

यादीही तितकीच जुनी आहे. आठवड्याच्या बाजाराला निघालेल्या माणसाच्या खिशातील चिठ्ठी म्हणजे यादीच. २००७ साली सुरू झालेले टोडोइस्ट, २०१७ साली आलेले मायक्रोसॉफ्ट टू डू, २०१८ पासून स्वतंत्र ॲप म्हणून मिळणारे गूगल टास्क्स ही या चिठ्ठीची आजची रूपे. काम लिहावे, झाले की त्यावर खूण करावी, इतका त्यांचा व्यवहार सरळ आहे.

आता दोघांमधील मुख्य भेद पाहू. दिनदर्शिकेतील नोंदीला सुरू होण्याची व संपण्याची वेळ असते. ती वेळ सरली की नोंद मागे पडते. काम झाले की राहिले, हे दिनदर्शिका विचारीत नाही. मंगळवारी अकरा वाजता ‘रस्त्याच्या कामाची पाहणी’ असे लिहिले, पावसामुळे पाहणी झाली नाही, तरी बुधवारी ती नोंद कालच्या पानावर निमूटपणे पडून राहते. यादीचे तसे नाही. खूण करीपर्यंत किंवा स्वतः पुसून टाकीपर्यंत काम तिच्यातून जात नाही. आज राहिले तर उद्या दिसते, उद्या राहिले तर परवा दिसते.

यादीचा दोष दुसऱ्या बाजूला आहे. दिनदर्शिकेच्या एका दिवसात चोवीस तासच मावतात. यादीला अशी सीमा नसते. एका दिवसाच्या नावावर तिच्यात चाळीस कामेही लिहिता येतात आणि ती मुळीच कुरकुर करीत नाही. ‘रात्र थोडी, सोंगे फार’ अशी स्थिती झाली आहे हे यादी पाहून कळत नाही. दिनदर्शिका पाहून तत्काळ कळते. थोडक्यात, काम झाले की नाही याचा हिशेब यादी ठेवते, आणि त्यासाठी वेळ आहे की नाही याचा हिशेब दिनदर्शिका ठेवते. एकीने दुसरीचे काम करावे अशी अपेक्षा ठेवली, की घोटाळा होतो.

निवडीची तीन प्रश्नोत्तरे

एखादे काम समोर आले की ते कोठे लिहावे हे ठरविण्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत.

पहिला प्रश्न असा, की या कामाची वेळ दुसऱ्या कोणी ठरविली आहे काय? न्यायालयातील सुनावणी, ग्रामसभा, गटविकास अधिकाऱ्यांची बैठक, लसीकरणाचा दिवस, शिक्षक-पालक संघाची सभा यांची वेळ आपण एकट्याने बदलू शकत नाही. अशी कामे निरपवादपणे दिनदर्शिकेत जावीत.

दुसरा प्रश्न असा, की ती वेळ टळली तर ते काम पुन्हा करता येईल काय? अभिलेख कक्षातील जुन्या फाईली लावण्याचे काम सोमवारऐवजी गुरुवारी केले तरी चालते. ते यादीत लिहावे. अपिलाची मुदत गेली तर ती सहज परत मिळत नाही. ती दिनदर्शिकेत लिहावी.

तिसरा प्रश्न असा, की हे काम एका बैठकीत संपणारे आहे काय? तसे नसेल तर त्याची शेवटची तारीख दिनदर्शिकेत आणि त्याचे टप्पे यादीत, अशी वाटणी करावी. आपल्या कामांपैकी महत्त्वाची कामे बहुधा या तिसऱ्या वर्गात मोडतात. म्हणूनच ‘हे की ते’ असा वाद घालण्यापेक्षा वाटणी नीट करणे अधिक उपयोगी ठरते.

तीस दिवसांच्या मुदतीचे उदाहरण

माहिती अधिकार अधिनियम, २००५ हा या विषयाचा उत्तम नमुना आहे. पंचायतीत जन माहिती अधिकाऱ्याची जबाबदारी साधारणतः सचिवांकडेच असते. अर्ज मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत माहिती द्यावयाची किंवा सकारण नकार कळवावयाचा असतो. माहिती एखाद्या व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर मुदत अठ्ठेचाळीस तासांची आहे. विषय दुसऱ्या सार्वजनिक प्राधिकरणाचा असेल तर अर्ज पाच दिवसांच्या आत तिकडे वर्ग करावयाचा असतो. वाजवी कारणाशिवाय विलंब झाल्यास माहिती आयोग दररोज २५० रुपये याप्रमाणे, २५,००० रुपयांपर्यंत दंड करू शकतो, आणि हा दंड त्या अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून जातो.

समजा, १० जून रोजी अर्ज आला. ‘माहिती अर्जाला उत्तर देणे’ अशी एक ओळ यादीत लिहून ठेवली तर ती इतर पंचवीस ओळींच्या गर्दीत बसेल आणि रोज खाली सरकत जाईल. उलट, केवळ १० जुलै या तारखेवर दिनदर्शिकेत नोंद केली तर घंटा दहा तारखेला वाजेल. त्या दिवशी जुनी फाईल शोधणे, छायाप्रती काढणे, त्यांचे शुल्क अर्जदाराला कळविणे यांपैकी काहीही वेळेत होण्यासारखे नसते. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

योग्य रीत अशी. अर्ज येताच दिनदर्शिकेत दोन तारखा लिहाव्यात : १५ जून, म्हणजे अर्ज वर्ग करावयाचा असल्यास त्याचा अखेरचा दिवस, आणि १० जुलै, म्हणजे उत्तराचा अखेरचा दिवस. दुसऱ्या नोंदीला दहा दिवस आधी एक आणि तीन दिवस आधी एक अशा दोन सूचना लावाव्यात. त्यानंतर यादीत चार टप्पे लिहावेत : फाईल शोधणे, पाने मोजून शुल्क कळविणे, मसुदा तयार करणे, उत्तर पाठवून जावक क्रमांक घेणे. शुल्क कळविल्यापासून ते भरले जाईपर्यंतचा काळ तीस दिवसांत धरला जात नाही. म्हणून शुल्क जमा होताच दिनदर्शिकेतील अखेरची तारीख दुरुस्त करावयाची, हेही यादीत लिहून ठेवावे. दोन्ही साधनांना जोडणारा धागा म्हणून आवक क्रमांक दोन्हीकडे लिहावा.

नागरिकानेही ही तारीख आपल्या फोनमध्ये लिहून ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन. उत्तर न मिळाल्यास किंवा समाधानकारक न मिळाल्यास पहिले अपील करण्यासाठी तीस दिवस मिळतात आणि दुसऱ्या अपिलासाठी नव्वद दिवस मिळतात. पुष्कळ ग्रामस्थ अर्ज करतात आणि वाट पाहत राहतात. अपिलाची मुदत केव्हा गेली हे त्यांना कळतही नाही. गोव्यात २०१३ साली सार्वजनिक सेवा कालबद्ध रीतीने मिळण्याच्या नागरिकांच्या हक्काचा कायदाही करण्यात आला. कायद्याने मुदत दिली तरी ती मोजण्याचे काम कोणाला तरी करावेच लागते. टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकच तारीख लिहिलेली असली, म्हणजे खेप फुकट जाण्याचे प्रसंग पुष्कळ कमी होतात.

सहा गठ्ठ्यांची शिकवण

ही वाटणी परदेशी कंपन्यांनी शिकविली असे समजण्याचे कारण नाही. शेजारच्या महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत सहा गठ्ठ्यांची पद्धत प्रसिद्ध आहे. लिपिकाच्या टेबलावरील कागदपत्रांचे सहा भाग करण्यात येतात : प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे आणि नष्ट करावयाचे कागद.

यांपैकी पहिल्या तीन गठ्ठ्यांकडे लक्ष द्या. प्रलंबित म्हणजे ज्यावर आपण स्वतः काम करावयाचे आहे ते. ही झाली यादी. नियतकालिके म्हणजे दरमहा किंवा दर तिमाहीला पाठवावयाची विवरणपत्रे. ही झाली दिनदर्शिकेतील पुनरावृत्तीची नोंद. महिन्याच्या पाच तारखेचे विवरणपत्र एकदाच लिहून ‘दरमहा’ असा पर्याय निवडला, की ते बारा वेळा लिहावे लागत नाही. आणि प्रतीक्षाधीन म्हणजे ज्यांवर दुसऱ्याचे उत्तर यावयाचे आहे ती प्रकरणे. ॲप वापरणारे लोक नेमका हा तिसरा गठ्ठा विसरतात. आपण पत्र पाठविले, यादीत खूण केली आणि मोकळे झालो. पुढे उत्तर आले की नाही हे पाहणारे कोणी उरले नाही. म्हणून यादीच्या ॲपमध्ये ‘प्रतीक्षाधीन’ नावाची एक वेगळी यादी उघडावी, आणि प्रत्येक ओळीला स्मरणपत्राची तारीख द्यावी. ज्या कोणी हे गठ्ठे ठरविले त्याच्याजवळ संगणक नव्हता. परंतु काम कोठे हरवते हे त्याला पुरते ठाऊक होते.

यादीतील एक ओळ, दिनदर्शिकेतील सोळा तास

आता शिक्षकांकडे वळतो. ‘सहामाहीचे पेपर तपासणे’ ही यादीतील एक ओळ. ‘प्रयोगशाळेतील बल्ब बदलणे’ हीही एक ओळ. यादीच्या दृष्टीने दोन्ही कामे सारखीच आहेत. परंतु एकशेवीस उत्तरपत्रिका आणि प्रत्येकीला आठ मिनिटे असा हिशेब केला, तर ९६० मिनिटे, म्हणजे सोळा तास होतात. रोज दोन तास दिले तर आठ दिवस लागतील. निकाल सोमवारी द्यावयाचा आणि आज गुरुवार, अशी अवस्था या हिशेबाच्या अभावीच ओढवते. येथे यादीतील ओळ दिनदर्शिकेत नेऊन दोन-दोन तासांच्या आठ चौकटींत मांडणे हाच उपाय. रोजची चौकट संपली की यादीतील पंधरा उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर खूण करावी.

आपला अंदाज कमी पडतो, ही तक्रार सर्व देशांतील माणसांची आहे. १९७९ साली डॅनियल काहनेमान आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी माणसे कामाला लागणारा वेळ नेहमी कमी का धरतात याची मीमांसा केली. पुढे १९९४ साली कॅनडातील संशोधकांनी मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना, तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल, असे विचारले. विद्यार्थ्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता. प्रत्यक्षात सरासरी सुमारे ५५ दिवस लागले. आपण दिनदर्शिकेत वेळ राखून ठेवताना मूळ अंदाजात निम्मी भर घातली, तर फारशी चूक होणार नाही.

लिहून ठेवण्याचा आणखी एक लाभ आहे. अर्धवट राहिलेले काम मनात अधिक टोचत राहते, असे निरीक्षण ब्लूमा झायगार्निक या विदुषीने १९२७ साली प्रसिद्ध केले होते. २०११ साली मॅसिकॅम्पो आणि बॉमाइस्टर यांच्या प्रयोगांत असे दिसून आले, की काम पूर्ण झालेले नसले तरी ते केव्हा आणि कसे करावयाचे याची निश्चित योजना केली, तर ते मनाला त्रास देणे कमी करते. वर्गात शिकवीत असताना कार्यालयातील माहितीपत्रक आठवणे आणि घरी जेवताना उद्याची सभा आठवणे, हा जाच ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या निष्कर्षाचे मोल सांगावयास नको.

पावसावर ठरणारी आणि तिथीवर ठरणारी कामे

शेतकऱ्यांची काही कामे या दोन्ही साधनांना चकविणारी आहेत. कुळागरातील सुपारीवर कोळेरोग पडू नये म्हणून एक टक्का बोर्डो मिश्रणाची पहिली फवारणी पावसाळ्याच्या तोंडावर आणि दुसरी त्यानंतर ४० ते ४५ दिवसांनी करावयाची असते. पहिल्या फवारणीची तारीख पाऊस ठरवितो. ती महिनाभर आधी दिनदर्शिकेत कोरून ठेवण्यात अर्थ नाही. म्हणून ‘मोरचूद व चुना आणणे’, ‘पंप दुरुस्त करून घेणे’, ‘पोफळीवर चढणाऱ्या माणसाला सांगून ठेवणे’ ही कामे मे महिन्याच्या यादीत लिहावीत. फवारणी ज्या दिवशी प्रत्यक्ष होईल, त्याच दिवशी बागेतून परतताना पुढचे चाळीस दिवस मोजून दुसरी तारीख दिनदर्शिकेत घालावी. मागील काम पुरे झाल्या दिवसापासून पुढची तारीख मोजण्याची सोय टोडोइस्टसारख्या काही ॲपमध्ये आहे; परंतु ती नसली तरी बोटांवर मोजून हे काम होते.

दुसरी अडचण तिथीची. इंग्रजी तारखेवर ‘दरवर्षी’ असा पर्याय निवडला, की वाढदिवस व स्वातंत्र्यदिन बिनचूक येतात. चवथ, शिगमो आणि गावची जत्रा येत नाहीत. गणेशचतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, तर २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती. २०२४ च्या तारखेवर दरवर्षीची नोंद करून ठेवणाऱ्याला फोनने पुढच्या वर्षी ७ सप्टेंबरला चवथीची आठवण दिली असती, आणि त्या वर्षी अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरलाच होऊन गेली होती. म्हणून वर्षारंभी भिंतीवरचे कालनिर्णय किंवा पंचांग समोर ठेवून सणांच्या व जत्रांच्या तारखा फोनमध्ये एकेक करून घालाव्यात. स्वयंसाहाय्य गटाच्या भगिनींना चवथीच्या बाजारासाठी माल तयार करावयाचा असतो. त्यांच्या दृष्टीने ही गोष्ट पैशाची आहे.

कोणते ॲप, कोणाचे खाते

आता प्रत्यक्ष निवडीविषयी. ज्यांच्याजवळ अँड्रॉइड फोन आहे त्यांनी गूगल कॅलेंडर आणि गूगल टास्क्स यांपासून आरंभ करावा. तारीख दिलेले काम टास्क्समध्ये लिहिले की ते कॅलेंडरच्या त्या दिवशीही दिसते, हा या जोडीचा विशेष आहे. कार्यालयात मायक्रोसॉफ्टचे आउटलुक वापरात असेल तर त्याच्यासोबत मायक्रोसॉफ्ट टू डू सोयीचे. त्यातील ‘आजचा दिवस’ ही यादी रोज रात्री कोरी होते आणि सकाळी आज काय करावयाचे हे नव्याने निवडावे लागते. त्यामुळे यादी वाढत जाण्याच्या दोषाला थोडा आळा बसतो. न झालेली कामे मूळ यादीत राहतातच. ॲपल फोनमध्ये दिनदर्शिका आणि स्मरणयादी दोन्ही आधीपासून असतात. या सर्वांत देवनागरीत लिहिता येते. एकाच वेळी चार ॲप घेऊ नयेत. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ अशी गत होते.

ॲपच्या नावापेक्षा महत्त्वाच्या अशा चार सूचना मी करू इच्छितो.

पहिली सूचना खात्याविषयी. पंचायतीच्या मुदती सचिवांच्या खासगी खात्यात असतील तर त्यांची बदली झाल्यावर त्या त्यांच्याबरोबर जातील, आणि नव्या सचिवांच्या हाती कोरी पाटी येईल. ज्या कार्यालयांना राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रामार्फत शासकीय ई-मेल मिळाला आहे, त्यांनी कार्यालयाच्या खात्यावरील दिनदर्शिका वापरावी आणि ती संबंधितांना पाहता येईल अशी ठेवावी. शाळेतही मुख्याध्यापकांच्या खात्यापेक्षा शाळेच्या खात्यावर परीक्षांचे व सभांचे वेळापत्रक असणे हिताचे.

दुसरी सूचना गोपनीयतेविषयी. अर्जदाराचे नाव, आधार क्रमांक, आजार, कौटुंबिक तंटा अशा गोष्टी दिनदर्शिकेच्या नोंदीत लिहू नयेत. फोनचा पडदा कुलूपबंद असतानाही सूचना वर झळकू शकते. आवक क्रमांक लिहिला म्हणजे काम भागते. नागरिकाच्या वैयक्तिक माहितीचे रक्षण करण्यासाठी २०२३ साली संसदेने कायदाही केला आहे.

तिसरी सूचना टिकाऊपणाविषयी. वंडरलिस्ट नावाचे यादीचे ॲप फार लोकप्रिय होते. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली ती कंपनी विकत घेतली आणि मे २०२० मध्ये ते ॲप बंद करण्यात आले. वापरणाऱ्यांना आपल्या याद्या अन्यत्र हलवाव्या लागल्या. दिनदर्शिकेच्या नोंदी एका कंपनीच्या ॲपमधून दुसरीकडे नेण्यासाठी १९९८ सालापासून एक सर्वमान्य नमुना अस्तित्वात आहे; याद्यांच्या बाबतीत तशी सोय सर्वत्र सारखी आढळत नाही. म्हणून ज्याला कायद्याची मुदत आहे ते कोणतेही काम केवळ ॲपवर विसंबून ठेवू नये. आवक नोंदवहीत मुदतीचा एक रकाना आखावा आणि तोच मूळ पुरावा समजावा.

चौथी सूचना घंटेविषयी. प्रत्येक कामाला घंटा लावली की दोन आठवड्यांत कान तिला सरावतात आणि महत्त्वाची घंटाही ऐकू येईनाशी होते. जी वेळ टळली असता परत येत नाही, तिलाच घंटा लावावी. तसेच काही फोन बॅटरी वाचविण्यासाठी ॲपच्या सूचना रोखून धरतात; नवीन फोन घेतल्यावर पाच मिनिटांनंतरची एक खोटी नोंद करून घंटा वाजते की नाही हे तपासून घ्यावे. सत्तरी, सांगे या भागांत जेथे नेटवर्क मधूनमधून जाते, तेथेही फोनमध्ये आधी आलेल्या नोंदींच्या सूचना मिळतात. मात्र दुसऱ्याने केलेला बदल नेटवर्क आल्यावरच दिसतो, हे लक्षात ठेवावे.

ज्यांच्याजवळ ॲप नाही त्यांच्यासाठी

सभागृहात असेही काही वडीलधारे असतील ज्यांच्याजवळ साधा फोन आहे किंवा तोही नाही. त्यांनी स्वतःला या विषयातून वगळू नये. भिंतीवरचे कॅलेंडर आणि शंभर पानी वही एवढे साहित्य पुरेसे आहे. तारीख कॅलेंडरवर, काम वहीत, आणि रोज सकाळी दोन्हींवर पाच मिनिटे नजर, हा नियम तोच राहतो. घरी झालेल्या जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करावयाची असते. मुदत उलटली की विलंब शुल्क भरावे लागते, आणि ३० दिवसांनंतर लेखी परवानगीही घ्यावी लागते. बाळ जन्मले त्याच दिवशी भिंतीवर एकविसावा दिवस लाल शाईने रंगविणारी आजी कोणत्याही ॲपच्या मागे नाही.

ही पाच मिनिटांची नजर मात्र कोणालाही चुकलेली नाही. ॲप घेतल्यावर नव्याचे नऊ दिवस सर्वच जण नोंदी करतात; दहाव्या दिवसापासून ते टिकते की नाही हे या पाच मिनिटांवर अवलंबून आहे. सकाळी कार्यालयात खुर्चीवर बसताच प्रथम दिनदर्शिका पाहावी, म्हणजे आज मोकळा वेळ किती आहे ते कळेल. मग यादी पाहावी आणि त्या मोकळ्या वेळात मावतील तेवढीच कामे निवडावीत. शुक्रवारी सायंकाळी प्रतीक्षाधीन यादी काढून कोणाला स्मरणपत्र पाठवावयाचे ते ठरवावे.

मित्रहो, एखादा वृद्ध ग्रामस्थ दाखल्यासाठी पंचायतीत येतो तेव्हा त्याला आपल्या ॲपचे नाव जाणून घ्यावयाचे नसते. ‘केव्हा येऊ?’ एवढेच तो विचारतो. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ हे उत्तर त्याला परत पाठविते. ‘सोळा तारखेला, सकाळी अकरा वाजता या’ हे उत्तर त्याला बसभाड्याचा आणि दिवसाच्या मजुरीचा हिशेब करू देते. असे नेमके उत्तर देण्यासाठी दिनदर्शिका हवी, आणि सोळा तारखेला तो दाखला खरोखर तयार असण्यासाठी यादी हवी. येथून परत गेल्यावर आपल्या टेबलावरील मुदतीची जी तीन कामे असतील, त्यांच्या तारखा आजच लिहून काढाव्यात अशी विनंती करतो.